कट्टा कुणाचा?

मुलांचा कट्टा वेगळा, मुलींचा वेगळा, हे आपल्या कॉलेजांत नेहमीचंच. त्यावर कुणी नियम काढत नाही. पण अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात याच प्रश्नावर चार वर्षं वाद झाला आणि तो कोर्टापर्यंत गेला. आज त्याविषयी बोलायचं आहे.

हार्वर्डमध्ये ‘फायनल क्लब’ म्हणून ओळखली जाणारी जुनी मंडळं आहेत. पोर्सेलियन क्लबची परंपरा तर १७९१पासूनची. स्वतःच्या मालकीची घरं, श्रीमंत माजी सभासद आणि प्रवेश फक्त मुलांना. मुलींना घ्यायला क्लब तयार होईनात, तेव्हा १९८४मध्ये विद्यापीठाने त्यांच्याशी संबंध तोडले. क्लब आपापल्या घरांत चालू राहिले. पुढे मुलींनीही स्वतःची मंडळं काढली.

मे २०१६मध्ये विद्यापीठाने नवा नियम जाहीर केला. २०१७पासून प्रवेश घेणारा जो विद्यार्थी फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या अशा क्लबात जाईल, त्याला संघाचं कर्णधारपद नाही, विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त मंडळांत पद नाही आणि ऱ्होड्ससारख्या शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाची शिफारसही नाही.

हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. अशा क्लबांतल्या ओळखी पुढे नोकरीधंद्यात उपयोगी पडतात. त्यांचं दार निम्म्या विद्यार्थ्यांना बंद असणं खटकणारच.

पण फटका कुणाला बसला पाहा. मुलींच्या काही मंडळांना मुलांना प्रवेश द्यावा लागला, एका मंडळाची तिथली शाखा २०१८मध्ये बंदच झाली. पोर्सेलियन मात्र पुरुषांचाच राहिला. ज्याच्याकडे घर आणि पैसा, तो तगला.

डिसेंबर २०१८मध्ये काही मंडळं आणि विद्यार्थी कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा साधा होता. पुरुषांच्या क्लबात गेला म्हणून मुलाला शिक्षा होते, ती तो मुलगा आहे म्हणूनच. मग हा लिंगभेद नाही तर काय? २०१९मध्ये न्यायाधीशांनी खटला फेटाळायला नकार दिला. जून २०२०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात अशाच तर्कावर निकाल दिला. त्याच महिन्यात हार्वर्डने नियम मागे घेतला.

मला वाटतं, विद्यापीठाने अशा क्लबांना आपली जागा, पैसा आणि नाव देऊ नये. तो त्याचा अधिकार आहे. पण अठरा वर्षांचा, मतदान करणारा विद्यार्थी संध्याकाळी कुणासोबत बसतो, यावरून त्याची शिष्यवृत्ती ठरू नये. त्यापेक्षा ज्यांच्या मागे कुणी श्रीमंत माजी विद्यार्थी नाही, त्यांना ओळखी आणि संधी मिळवून देण्यासाठी विद्यापीठाने कंबर कसावी. तसं झालं, तर बंद दाराआडच्या क्लबाचं मोल आपोआप उतरेल.