रक्तपरीक्षेचा इशारा आणि तिची मर्यादा



ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. आग त्याला जाळीत नाही, म्हणून उद्योगांनी ते जवळ केले. परंतु त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे शरीरात शिरले की तेथेच ठाण मांडून बसतात. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग प्रामुख्याने त्यांतून उद्भवतो, आणि तोही अनेक दशकांनंतर. धूळ तारुण्यातली, व्याधी उतारवयातली! छातीत पाणी साचून धाप लागते तेव्हा रोग बहुधा पुढे गेलेला असतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटनूम येथील निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९६६ साली बंद झाली. तेथील कामगार व रहिवासी मात्र पुढे कित्येक वर्षे या रोगाला बळी पडत राहिले. त्याच राज्यातील पर्थ येथे ब्रूस रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिन या प्रथिनाशी संबंधित घटक रक्तात मोजले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४४ रुग्णांपैकी ३७ जणांत ते वाढलेले आढळले. ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या ४० व्यक्तींपैकी ७ जणांत ते वाढलेले होते. त्यांतील तिघांना पाच वर्षांच्या आत मेसोथेलिओमा झाला. रोगाची चाहूल रक्तात आधीच लागू शकते, अशी आशा निर्माण झाली.

पुढील संशोधनाने या आशेला मर्यादा घातली. २०१२ साली १६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. रोग नसलेल्या शंभरांपैकी पाचांनाच चुकीचा इशारा मिळावा असे प्रमाण ठरविले, तर आरंभीच्या अवस्थेतील शंभर रुग्णांपैकी केवळ ३२ ओळखले जातात. समजा, १००० कामगारांत दहा जणांना आरंभीचा रोग आहे. तिघे सापडतील, सातांच्या हाती खोट्या दिलाशाचा कागद पडेल आणि सुमारे पन्नास जण विनाकारण भयभीत होतील. मूत्रपिंडे दुर्बल झाली तरी हे प्रमाण वाढते. रोगाच्या सार्कोमाटॉइड प्रकारात ते बहुधा वाढतच नाही. म्हणूनच अमेरिकेत २००७ साली मेसोमार्क चाचणीला मान्यता मिळाली, ती निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. निरोगी माणसांच्या सरसकट तपासणीसाठी नव्हे.

भारतात सिमेंटच्या पत्र्यांसाठी हे खनिज आजही आयात होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली असा आदेश दिला, की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपली जावी. या आदेशाचे मोल रक्तपरीक्षेच्या संदर्भात विशेष जाणवते. कोणी, कोठे, किती वर्षे ती धूळ श्वासात घेतली, हे ठाऊक असेल तरच रक्तातील आकड्याचा अर्थ लागतो आणि पीडित कुटुंबास आपला हक्क मागता येतो.

विज्ञान अधिक अचूक दर्शक शोधीत आहे. तोवर खरे रक्षण धूळ रोखण्यात आहे, आणि त्याची जबाबदारी रोगी होऊ घातलेल्या कामगाराच्या रक्तावर ढकलता येणार नाही.