टेबलावरची चार ओळींची पाटी

हॉटेलात गेल्यावर पूर्वी टेबलावर काय असायचं? मिठाची बाटली, पाण्याचे ग्लास, आणि हॉटेल जरा बरं असेल तर तेलाचे डाग पडलेलं, कोपरे दुमडलेलं मेनू कार्ड. खानावळीत कार्ड नसायचंच. खांद्यावर फडकं टाकलेला मुलगा यायचा आणि एका दमात सगळे पदार्थ म्हणून दाखवायचा. आता बऱ्याच ठिकाणी टेबलावर एक घडीचं छोटं कार्ड उभं असतं. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. फोनचा कॅमेरा त्यावर धरला की पदार्थांची यादी फोनवर उघडते. क्यूआर कोड हे त्याचं नाव आता सगळ्यांना माहीत झालं आहे.

२०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा हा चौकोन आपल्या टेबलांवर आला. दहाजणांनी हाताळलेलं कार्ड हातात घ्यायला नको, ही तेव्हाची भीती. साथ ओसरली, पण चौकोन अनेक हॉटेलांत राहिला, कारण त्यात मालकाची सोय होती. तेलाचा डबा महागला की भज्यांचा दर रात्रीतून बदलता येतो. संपलेला पदार्थ यादीतून काढता येतो. छापखान्याची पायरी चढावी लागत नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. माझा या चौकोनाशी संबंध आला तो भाच्यामुळे. त्याने सोलापुरात हॉटेल काढलं आणि एक दिवस म्हणाला, ‘‘मामू, टेबलावरच्या कार्डासाठी चार ओळी लिहून द्या. तुम्हाला थोडक्यात लिहायची सवय आहे.’’ मला वाटलं, चहा संपेपर्यंत होईल. प्रत्यक्षात त्या चार ओळींनी मला महिनाभर कामाला लावलं. त्या महिन्यात जे कळलं ते आज सांगणार आहे.

आधी चौकोनाबद्दल. तो जन्मला हॉटेलात नव्हे, कारखान्यात. १९९४ साली जपानमध्ये, टोयोटा समूहातल्या डेन्सो कंपनीत, मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर त्याआधी उभ्या रेघांचा बारकोड असे. त्यात जेमतेम वीसेक अक्षरं मावत, म्हणून एकेका खोक्यावर कितीतरी बारकोड वाचावे लागत आणि कामगार कंटाळून जात. नव्या चौकोनात सात हजारांहून अधिक अंक मावू लागले. त्याच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात, ते कॅमेऱ्याला दिशा सांगतात. त्यामुळे फोन उलटा धरा, तिरपा धरा, वाचन बरोबर होतं. कंपनीने पेटंट घेतलं; पण वापरणाऱ्यांकडून त्याचे पैसे मागितले नाहीत. म्हणूनच तो आज भाजीच्या गाडीवरही दिसतो.

या चौकोनाचा आणखी एक गुण हॉटेलवाल्याच्या फार उपयोगाचा आहे. त्याचा काही भाग मळला किंवा फाटला तरी उरलेल्या भागावरून मजकूर भरून काढता येतो. सर्वांत पक्क्या प्रतीच्या कोडमध्ये साधारण तीस टक्क्यांपर्यंतचं नुकसान सोसतं. टेबलावर रस्सा सांडणार, हळदीचं बोट लागणार, हे धरूनच चालायचं असतं. पण काही हौशी मालक चौकोनाच्या मधोमध हॉटेलचं बोधचिन्ह बसवतात. ते चिन्हही त्याच तीस टक्क्यांतून जागा खातं, आणि मग रश्श्यासाठी सवलत उरत नाही.

भाच्याच्या छापखानेवाल्याने पहिला नमुना आणला, तो दिसायला लग्नपत्रिकेसारखा होता. मरून रंगावर सोनेरी चौकोन, वर चकचकीत लॅमिनेशन. दिवसा तो कसाबसा वाचला गेला. संध्याकाळी ट्यूबलाइट लागल्या, तर कॅमेऱ्याला नुसता उजेडाचा पट्टा दिसू लागला. तेव्हा ठरलं ते असं. पांढऱ्यावर काळा चौकोन आणि बिनचकाकीचं लॅमिनेशन. चौकोनाभोवती चारही बाजूंनी कोरी जागा, कारण तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कॅमेऱ्याला त्या कोऱ्या जागेमुळे कळतं. ती निदान चार ठिपक्यांइतकी हवी. फोन जितक्या अंतरावर धरला जाईल त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा चौकोन असावा, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे एका फुटाला तीन सेंटिमीटर. आम्ही चार केला. आत दडलेला पत्ता जितका लहान, तितके ठिपके कमी आणि मोठे, आणि जुन्या स्वस्त फोनलाही ते पटकन दिसतात. म्हणून पत्ता लहान घेतला. छापण्याआधी भांडी घासणाऱ्या पोराचा तडा गेलेला फोन घेऊन, रात्री, सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यातल्या टेबलावर परीक्षा घेतली.

दुसरी अडचण वेगळीच निघाली. २०१६ साली यूपीआय आलं आणि पैसे देण्याचा चौकोनही हळूहळू सगळीकडे पोचला. आता एकाच टेबलावर दोन चौकोन, आणि दोन्ही जुळ्या भावांसारखे. गिऱ्हाईक बसतं, यादी पाहायला फोन धरतं आणि समोर येतं, ‘रक्कम भरा’. जेवण्याआधीच बिल! माणूस दचकतो. म्हणून पैशांचा चौकोन गल्ल्यावर आणि यादीचा टेबलावर, अशी वाटणी केली. कार्डावर हॉटेलचं नाव ठळक छापलं, म्हणजे फोनवर जे उघडलं ते याच हॉटेलचं आहे ना, हे ताडून पाहता येतं. मूळ चौकोनावर भलताच चौकोन चिकटवून फसवणारे लोकही असतात. त्यामुळे सकाळी टेबल पुसताना कार्डावर बोट फिरवून पाहायचं, वर काही डकवलं आहे का, हे पोरांना शिकवलं.

आता माझ्या वाट्याच्या ओळी. छापखानेवाल्याच्या नमुन्यावर इंग्रजीत दोनच शब्द होते, ‘स्कॅन मी’. मराठी कानाला यातला ‘मी’ मोठा गमतीचा वाटतो. कोण मी? गिऱ्हाइकाशी बोलतंय कोण? हॉटेलचा मालक, वेटर, की तो चौकोन? आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी ‘या, बसा’ म्हणतात, मग पाणी देतात, मग विचारतात. इथे पाणी येण्याआधीच हुकूम!

महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि लहान दुकानांनाही मराठी पाटी लावणं बंधनकारक झालं. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असंही त्यात आहे. ही झाली दारावरची गोष्ट. आत टेबलावर, जिथे माणूस खरोखर काही वाचायला थांबतो, तिथे मात्र बहुतेक वेळा इंग्रजीच. आणि आमचं सोलापूर तर चार भाषांचं गाव. मराठी आहे, कन्नड आहे, विणकरांची तेलुगू आहे आणि आमच्या घरात बोलली जाते ती दख्खनी आहे. कार्डावर चारही घातल्या तर कार्डाचं वर्तमानपत्र होईल. म्हणून कार्डावर ठळक मराठी आणि खाली हिंदी ठेवली. बाकीच्या भाषा फोनवर यादी उघडल्यावर निवडता येतात. दख्खनी बोलणारी आमची पुष्कळ माणसं मराठी शाळेत शिकलेली आहेत, त्यांचं देवनागरीवर भागतं.

शब्दही निवडावे लागले. ‘खाद्यसूची’ हा शब्द मी लिहिला आणि भाचा हसला. म्हणाला, ‘‘मामू, भूक मरेल.’’ ‘मेनू’ सगळ्यांना कळतो, तो ठेवला. ‘स्कॅन’ तरुणांना कळतो. पण माझ्या बहिणीला कळेना. ‘फोनचा कॅमेरा या चौकोनावर धरा’ म्हटल्यावर तिला लगेच कळलं. २०१७ च्या सुमारापासून बऱ्याच फोनचा साधा कॅमेराच हा चौकोन वाचू लागला. त्यामुळे वेगळं काही उतरवून घ्या, असं सांगायची गरज उरली नव्हती.

अशा तीन ओळी झाल्या. चौथी ओळ मला सुचली नाही, ती एका गिऱ्हाइकाने दिली.

गुरुवार होता. गुरुवारी अक्कलकोटहून परतणारी माणसं सोलापुरात जेवायला थांबतात. धोतर नेसलेले, सत्तरीचे एक गृहस्थ एकटेच आले. पाणी प्यायले. कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. पोऱ्या घाईत जाता जाता म्हणाला, ‘‘बाबा, स्कॅन करा.’’ त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढला, त्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. मग ‘‘जरा जाऊन येतो’’ म्हणून उठले. ते आले नाहीत. भाचा गल्ल्यावरून हे पाहत होता. त्या रात्री त्याने मला फोन केला, तेव्हा त्याच्या आवाजात धंदा गेल्याची हळहळ नव्हती. म्हणाला, ‘‘मामू, आपल्या दारातून माणूस उपाशी गेला.’’

आमच्या घरात काय, त्या गृहस्थांच्या घरात काय, या वाक्याचं वजन सारखंच आहे.

मी पुष्कळ विचार केला. त्या माणसाला ‘मला येत नाही’ असं चारचौघांत म्हणावं लागलं असतं. ते टाळण्यासाठी त्याने भूक पत्करली. पदार्थ तोंडाने सांगणारा मुलगा होता, तेव्हा अक्षरशत्रू माणूसही कोणत्याही हॉटेलात ताठ मानेने बसत असे. पुन्हा माणसाला विचारण्यासारखं बरंच असतं. उपवासाचं काय आहे? शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत ना? मटण हलाल आहे का? कांदा-लसणाशिवाय काही मिळेल? असे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर तर हवंच असतं, त्याहून जास्त उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहायचा असतो. विश्वास तिथून येतो.

म्हणून चौथी ओळ अशी झाली: ‘छापील मेनू हवा असेल तर मागा, किंवा आम्हाला विचारा. आनंदाने सांगू.’ यात ‘फोन नसेल तर’ हे शब्द मी मुद्दाम घातले नाहीत. ते घातले की छापील कार्ड मागणं म्हणजे आपल्याजवळ काही नसल्याची कबुली होते. ‘हवा असेल तर’ म्हटलं की ती माणसाची मर्जी होते. ही ओळ बारीक अक्षरांत तळाशी टाकली नाही, बाकीच्या ओळींएवढीच मोठी छापली. आणि ती खोटी ठरू नये म्हणून दहा छापील कार्डं गल्ल्याजवळ ठेवली. त्यातल्या दोन कार्डांवर ठसठशीत मोठी अक्षरं आहेत.

फोनवरची यादीही सुधारली. आधी छापील कार्डाचा फोटोच तिथे चढवला होता. बोटांनी मोठा करकरून वाचावा लागे. अंध व्यक्तींचे फोन पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात. पण फोटोतली अक्षरं सहसा त्यांच्या हाती लागत नाहीत. आता साधा, अक्षरांचा मजकूर आहे, तो मंद नेटवर्कवरही उघडतो. यादी दाखवण्याआधी मोबाइल नंबर मागावा, म्हणजे पुढे जाहिराती पाठवता येतील, असाही सल्ला भाच्याला कोणीतरी दिला होता. गिऱ्हाइकाकडे मोबाइल नंबरचा हट्ट धरू नका, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना केली होती. सूचना नसती तरी मी नको म्हटलं असतं. वाढण्याआधी पाहुण्याचा पत्ता लिहून घेण्याची रीत आपल्याकडे नाही.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणाचं हॉटेल असेल, खानावळ असेल, किंवा लग्नाच्या जेवणात हल्ली असा चौकोन ठेवायचा विचार असेल, तर एक करा. छापण्याआधी कार्डाचा नमुना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्या. काहीही समजावू नका. नुसतं शेजारी बसा आणि पाहा. त्यांचा हात कुठे अडतो, कोणत्या शब्दावर कपाळाला आठी पडते, ते टिपून घ्या. छापखान्यात जाताना तेवढं टिपण बरोबर न्या.

भाच्याच्या हॉटेलात आता दर गुरुवारी पाच-सहा जण तरी छापील कार्ड मागतात. काहीजण तेही मागत नाहीत. ‘‘काय आहे आज?’’ असं सरळ विचारतात. मग पोऱ्या फडकं खांद्यावर टाकतो आणि एका दमात सगळं सांगतो.