कांदा दारात अडला, द्राक्षं समुद्रात

आज मी येवल्यातून बोलतोय. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

गोष्ट डिसेंबर २०२३ ची. आमचा लाल कांदा काढणीला आलेला. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने निघतो, लाल कांद्याचं तसं नाही. काढला की विकायलाच लागतो. आणि नेमकी ८ डिसेंबरपासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. भाव उतरले. आप्पा ट्रॉली घेऊन बाजार समितीत गेले, संध्याकाळी परत आले. एरवी कांदापट्टी मोठ्याने वाचून दाखवतात. त्या दिवशी घडी घालून खिशात ठेवली.

त्याच हिवाळ्यात मामांचं निफाड तालुक्यात वेगळंच चाललं होतं. त्यांची द्राक्षं युरोपला जातात. न्हावा-शेवा बंदरातून लाल समुद्र, पुढे सुएझ कालवा आणि मग रॉटरडॅम. निर्यातीला परवानगी होती, माल तयार होता. पण येमेनचे हुती जहाजांवर हल्ले करत होते. मग बऱ्याच कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. १८६९ मध्ये सुएझ सुरू झाला तो हाच वळसा वाचवायला! आता द्राक्षासारखा नाजूक माल दहा-पंधरा दिवस जास्त कंटेनरात, वर भाडंही वाढलेलं.

बघा गंमत. आमच्या कांद्याला दुबई, मलेशियाचा समुद्र मोकळा होता, दार बंद होतं. मामांच्या द्राक्षांना दार उघडं होतं, समुद्र अडला होता.

समुद्रासाठी सरकारने काही केलंच नाही, असं नाही. आपल्या नौदलाने युद्धनौका पाठवल्या. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने चाच्यांच्या ताब्यातलं 'रुएन' जहाज सोडवलं, १७ खलाशी वाचले. अभिमान वाटतो. पण दाराचं काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरमध्ये किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर. डिसेंबरमध्ये बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये अट गेली, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५ पासून शून्य. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलले! रोप टाकल्यापासून काढणीपर्यंत चार-पाच महिने जातात. पेरताना एक नियम, काढताना दुसरा.

पुण्या-मुंबईत कांदा महागला की तुमच्या घरचं बजेट कोलमडतं, हे मला कळतं. म्हणून आप्पा अनुदान मागत नाहीत. ते एवढंच म्हणतात, "काय करायचं ते करा, पण रोप टाकायच्या आधी सांगा."

तुमच्या घरी कांदा असेल तर त्या डिसेंबरची पट्टी शोधा, आणि घरच्यांना त्या दिवसाबद्दल विचारा. मी आप्पांना विचारायला दोन वर्षं लावली. भेटू पुढच्या भागात!