दारातली कोंबडी कुणाची?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा गोषवारा)



कापसाची प्रत कोण ठरवतो? घेणारा. ज्वारी काळी पडली हे कोण सांगतो? घेणारा. आपल्या दारातल्या कोंबडीची जातही बाजारात घेणाराच सांगतो. मागल्या उन्हाळ्यात मी दोन तांबड्या कोंबड्या विकायला नेल्या. व्यापारी म्हणाला, "बाई, ही गावरान नाही, क्रॉस आहे," आणि भाव पाडला. तासाभराने त्याच कोंबड्या तो गिऱ्हाइकाला "अस्सल गावरान" म्हणून विकत होता. मला तोंड उघडता आलं नाही. कारण त्यांचा बाप कोण, हे मलाच ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर मी कोंबड्या नीट पाहायला शिकले. तेच आज सांगते.

पहिली गोष्ट, रंगावर जाऊ नका. तांबडी कोंबडी ऱ्होड आयलंड रेडची असू शकते, तशी निव्वळ गावरानही असू शकते. तुरा पाहा. बुटका, वाटाणे तीन ओळींत बसवल्यासारखा तुरा, उंच पाय आणि जाड मान असेल, तर असीलचं रक्त धरा. पांढऱ्या अंगावर मधूनच एखादं रंगीत पीस, पांढरी कानाची पाळी आणि खुडूक बसायचं नाव नाही, तर मागे लेगहॉर्न असण्याचा संभव मोठा. उघड्या मानेच्या कोंबडीला मानेपुढे पिसांचा झुपका असेल, तर तो गुण आई किंवा बाप, एकाकडूनच आलेला. मान साफ उघडी असेल, तर दोघांकडून.

कडकनाथ सातपुड्यापल्याडच्या झाबुआचा. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून काळं पीस दिसलं की विकणारा "कडकनाथ" म्हणतो. पिसं फुंकून बाजूला करा, कातडी पाहा. तुरा, चोच, जीभ पाहा. कातडी गोरी निघाली तर तो कडकनाथ नव्हे. मिश्र पिल्लाची कातडी कधी बरीच काळी, कधी नुसती काळपट निघते.

पण एका खुणेवरून निकाल देऊ नका. खुणा जुळवून एवढंच म्हणता येतं की अमुक रक्त असावं. पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेल्या कोंबडीचे आईबाप नुसत्या डोळ्यांनी कुणी छातीठोक सांगत असेल, तर तो व्यापारी तरी आहे, नाहीतर थापाड्या.

दुसरी गोष्ट तुम्हाला समजावायला नको. १९६४ ला सीएसएच-१ ज्वारी आली, १९७० ला सुरतेहून एच-४ कापूस आला. त्यांचं बी घरचं धरलं तर पुढच्या वर्षी शेतात काय उभं राहतं? एक झाड उंच, एक बुटकं. बंगलोरची गिरिराज, हैदराबादची वनराज याही संकरितच. त्यांची अंडी उबवली तर पिल्लं आईसारखी एकसारखी निघत नाहीत. यात दोष पिल्लांचा नाही, तुमच्या हाताचाही नाही.

मग बाप पक्का कसा करायचा? चार कोंबड्या आणि पसंतीचा एक कोंबडा वेगळ्या खुराड्यात कोंडा. शेजारचा कोंबडा आत येता कामा नये. लगेच अंडी बसवू नका. आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. तीन आठवडे अंडी खा किंवा विका. त्यानंतरच्या अंड्यांवर कोळशाने खूण करा आणि ती खुडूक कोंबडीखाली ठेवा. एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली की पायात रंगीत दोरा बांधा. पाय वाढेल तसा दोरा सैल करा, नाहीतर रुतेल.

मायबहिणींनो, मीठ-मिरचीला, पोराच्या वहीला पैसा याच कोंबड्यांतून येतो. पुढच्या वेळी व्यापारी "क्रॉस आहे" म्हणाला, तर विचारा, "कशाशी क्रॉस? खूण दाखव." तो दाखवू शकला नाही, तर कोंबडी डालग्यात घाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे चला.