एकट्याला सोबत



मी जन्मभर शाळेत हजेरी घेतली. पोर चार दिवस दिसले नाही, की त्याच्या घरी चौकशी करायची. तशीच आज आपल्या गावाची हजेरी घेऊ या. पारावर, देवळात, बाजारात कोण दिसत नाही?

कुणाचा मुलगा मुंबई-पुण्याला असतो. कुणाला मूलबाळच नाही. कुणाला ऐकू कमी येते, म्हणून त्याच्याशी कुणी बोलत नाही. घरात दाणे असतात; पण दिवसच्या दिवस कुणाचा शब्द कानी पडत नाही. पोटाच्या भुकेला भाकर देता येते. या भुकेला आपला वेळ द्यावा लागतो.

पण दया दाखवायला जाऊ नका बरे! “बिचारी म्हातारी” म्हणाल, तर ती दार लावून घेईल. तिने संसार ओढला आहे. तिला विचारा, “आजी, ज्वारीला कीड लागू नये म्हणून काय करावे?” ती सांगेल, “कडुनिंबाचा पाला घाल, बाबा.” आपलाही कुणाला उपयोग आहे, हे कळले की माणूस ताठ बसतो.

आता चार नियम.

१. वार ठरवा आणि पाळा. वाट पाहणाऱ्याला एक चुकलेला बुधवार फार लांब वाटतो. जमत नसेल, तर निरोप धाडा.

२. ऐका जास्त, बोला कमी.

३. घरात ऐकलेले पारावर नेऊ नका.

४. पैसा, सही, अंगठा यांत एकट्याने पडू नका. तिच्या विश्वासाचा आणखी एक माणूस बरोबर घ्या.

तुम्हांला आता वाचता येते. तिचे पत्र वाचून दाखवा. औषधावरची तारीख पाहा. ६५ वर्षांच्या पुढील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. तिची तहसील कचेरीत चौकशी करा. मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या कायद्याने आईबापांना पोटगी मागता येते. वृद्धांच्या अडचणींसाठी १४५६७ हा फुकट फोन आहे. तो नंबर तिच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

या आठवड्यात प्रत्येकाने एक दार निवडावे. बाहेरूनच विचारावे, “आजी, येऊ का?” “नको” म्हणाली, तर रागावू नये. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे.