काच हवी, पण चित्रापासून दूर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

पेस्टलची चित्रं चौकटीशिवाय लावता येतील का, हा प्रश्न सोलापुरातले हौशी चित्रकार आणि विद्यार्थी मला नेहमी विचारतात. कारण उघड आहे. चौकटीची पट्टी फुटावर विकली जाते. प्रदर्शनासाठी वीस चित्रं मढवायची म्हटली, की रंग आणि कागदापेक्षा मढवण्याचाच खर्च जास्त. माझं उत्तर असं, की चौकट नसली तरी चालेल. काच मात्र हवीच, आणि ती चित्राला टेकता कामा नये.

पेस्टल म्हणजे शेवटी खडू. रंगाच्या भुकटीत कांडी वळण्यापुरता जेमतेम डिंक घातलेला असतो. त्यामुळे रंग कागदात मुरत नाही, नुसता वर बसतो. फिक्सेटिव्हचा फवारा मारला तर थोडा टिकतो खरा, पण त्याची झळाळी जाते. म्हणून काच.

मागे एक कुटुंब आजोबांचं व्यक्तिचित्र घेऊन आलं होतं. चौकट सोनेरी, नक्षीदार, चांगली महागाची. पण मढवणाऱ्यानं देवाच्या तसबिरीसारखी काच थेट चित्रावर दाबली होती. आम्ही ती उचलली, तर आजोबांच्या कपाळाचा आणि मिशीचा रंग काचेबरोबर वर आला. त्यांचा दुसरा फोटोही घरात नव्हता. काचेवर गेलेला रंग परत कागदावर आणायचा उपाय नाही.

शाळेतली मुलं वापरतात ते ऑइल पेस्टल निराळे. त्यात तेल आणि मेण असतं, ते कधीच पूर्ण वाळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हा रंग मऊ पडून टेकलेल्या काचेला चिकटतो. अंतर तिथंही हवंच.

नीट जपलं तर हेच खडू किती टिकतात, ते जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयात दिसतं. जाँ-एतिएन लिओतार या चित्रकाराची ‘चॉकलेट नेणारी मुलगी’ तिथं आहे. १७४५ च्या सुमारास चर्मपत्रावर काढलेलं हे पेस्टल आजही ताजं वाटतं. तैलचित्रातलं तेल पिवळं पडतं. इथं तेलच नाही.

आता कृती. दोन मिलिमीटरची काच आणि त्याच मापाचा जाड पुठ्ठा घ्या. काचेच्या कडा ओल्या पॉलिश पेपरनं घासा, नाहीतर हात कापतो. टांगायच्या कड्या पुठ्ठ्याला आधीच पक्क्या करा. चित्र वरच्या कडेला दोनच ठिकाणी चिकटवा, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी सुरकुतणार नाही. चित्रावर खिडकी कापलेला माउंट येईल, पण त्याच्याखाली चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या द्या. या पट्ट्या खिडकीच्या कडेपासून थोड्या मागे ठेवा. मग झडलेली भुकटी माउंटच्या मागच्या फटीत पडते, पुढच्या पांढऱ्या कडेवर दिसत नाही. एवढ्या एका युक्तीसाठी मी चौकटीवरची सगळी नक्षी सोडून द्यायला तयार आहे!

शेवटी काच ठेवून चारही कडा कापडी चिकटपट्टीनं पुढून मागे दुमडून बंद करा. अशा मढवण्याला ‘पासपार्तू’ म्हणतात. साधा सेलोटेप नको, आपल्या उन्हात त्याचा डिंक पाझरतो. चिमट्यांच्या तयार क्लिप फ्रेमही पेस्टलसाठी नकोत. त्यांच्या कडा उघड्या राहतात, आणि या गावात धुळीला बोलावणं लागत नाही.

काचेऐवजी हलकं अ‍ॅक्रिलिक वापरू का, असंही विचारतात. प्लास्टिकची पट्टी केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आठवा. अ‍ॅक्रिलिक भुकटीला तसंच ओढतं, कोरड्या हवेत तर जास्तच.

मर्यादा वजनाची. दीड फूट बाय दोन फुटांची नुसती काच जवळपास दीड किलो भरते, आणि ते सगळं वजन चिकटपट्टीवर येतं. त्या मापाला मी लाकडी चौकटच सांगतो. एक फूट बाय दीड फुटापर्यंत मात्र खुशाल पट्टीवर भागवा.

लावताना ऊन येणारी आणि ओल धरणारी भिंत टाळा. मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे चिकटवा, हवा खेळते. आणि खिळा आधी ठोका, चित्र नंतर खोलीत आणा. हातोडीच्या हादऱ्यानंही भुकटी झडते.