भेटीचे हातपुसणे



आई गेल्यानंतर आम्ही भावंडांनी तिची लोखंडी ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली भरतकामाचे सात रुमाल निघाले. कुणी बारशाला दिलेले, कुणी दिवाळीच्या फराळाबरोबर धाडलेले. सातही कोरे! घड्यांवर पिवळे पडले होते, पण एकानेही कधी पाणी पाहिले नव्हते. इतक्या नाजूक वस्तूला हात पुसायचा तिला धीरच झाला नसावा. आठवा रुमाल मात्र स्वयंपाकघरात खुंटीला होता. शेजारच्या काकूंनी तो आपल्या शिलाई मशीनवर भरून, चटणी-मेतकुटाच्या टोपलीत घालून दिला होता. कापड धुऊन धुऊन विरले होते. ओंबीचे भरतकाम तेवढे जसेच्या तसे! सात रुमालांनी ट्रंक भरली, आठव्याने आईला रोज काकूंची आठवण करून दिली. असे हातपुसणे घरी कसे करावे, ते आज सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, मशीनवर भरलेले ते घरचे कसे? १९२४ साली गांधीजींना विचारण्यात आले होते, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे काय? तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचेच नाव घेतले. बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या मायेपोटी ते यंत्र निघाले, असे ते म्हणाले. आपणही तीच कसोटी लावू. यंत्रामागे माया असली, म्हणजे वस्तू घरची.

आता कापड. ते सुतीच हवे, जरा जाड विणीचे. हातमागाचा पंचाही चालेल. पाऊण मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद पुरे. नव्या कापडात खळ असते, त्यामुळे ते पाणी टिपत नाही. म्हणून रात्रभर भिजत घाला, धुवा, वाळवा आणि इस्त्री करा. हा खटाटोप टाळू नका. आधी भरले आणि कापड मागाहून आटले, तर दोरा आटत नाही, आणि भरतकामाभोवती चुण्या पडतात. त्या मग कितीही इस्त्री फिरवा, जात नाहीत. दोऱ्याचीही परीक्षा घ्या. ओला दोरा पांढऱ्या चिंधीत ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीला रंग लागला, तर तो दोरा या कामाचा नव्हे.

चित्र लहान घ्यावे. ओंबी, तुळशीची डहाळी, आंब्याचे पान, असे काहीतरी. तेही मध्यभागी नको; अरुंद कडेपासून चार बोटे वर काढावे. मधले कापड हात पुसण्यासाठी मोकळे राहिले पाहिजे. दाट भरलेला भाग पुठ्ठ्यासारखा कडक होतो, तो पाणी काय टिपणार? म्हणून टाके विरळ घाला.

आता मशीनकडे वळू. साध्या पायमशीनवरही हे काम होते. कापड दाबून धरणारा पाय काढून ठेवा. कापड पुढे सरकवणारे खालचे दाते खाली घ्या, किंवा त्यांवर झाकणपट्टी बसवा. लाकडी रिंग हाताच्या भरतकामाच्या उलट लावायची असते: मोठी रिंग खाली, तिच्यावर कापड, आणि आत छोटी रिंग. असे केले म्हणजे कापड मशीनच्या पाटाला चिकटून राहते. ते डफासारखे ताणलेले हवे. खाली साधा पातळ कागद ठेवावा, मागाहून तो फाडून काढता येतो.

इथे नवशिक्याची एक चूक हमखास होते. पाय काढला, म्हणून त्याची दांडी खाली करायची ती विसरतो. मग वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचे जाळे होऊन बसते. तेव्हा दांडी न विसरता खाली करा. वरच्या दोऱ्याचा ताण मात्र थोडा सैल ठेवा, म्हणजे बॉबिनचा दोरा वर डोकावणार नाही. पायाची गती एकसारखी ठेवा, आणि हाताने रिंग हळूहळू फिरवा. हिसका दिला, की सुई मोडलीच! बोटे रिंगच्या कडेला असू द्या, सुईजवळ नकोत. आता संगणकावर चालणारी भरतकामाची मशीनेही आली आहेत. त्यांवर हात फिरवावा लागत नाही, पण कापड आधी आटवणे आणि टाका विरळ ठेवणे त्यांनाही चुकत नाही. शेवटी चारही कडा दुमडून शिवा, आणि मागचे दोरे नीट कापा. हातपुसणे दोन्ही बाजूंनी दिसते.

टोपली भरताना हे हातपुसणे नुसते वर पसरू नका. लोणच्याची बरणी त्यातच गुंडाळा. एस. टी.च्या धक्क्यांत बरणी वाचेल, आणि उघडणारीच्या हाती ते वापरातली वस्तू म्हणूनच पडेल. हळदीचा डाग पडला, तर पडू द्या. साबणाने धुऊन उन्हात वाळत घातले, की तो फिका होत जातो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेत मशीन एकच असेल, तरी काम अडत नाही. काही मुले कापड भिजवतील, काही चित्र काढतील, काही रंगाची परीक्षा घेतील. मुलग्यांनाही मशीनवर बसवा; शिंपीदादा पुरुषच असतात की! आणि गुण लगेच देऊ नका. हातपुसणे तीनदा धुवा, मग गुण द्या. रंग उतरला का, चुण्या पडल्या का, पाणी टिपते का, हे तेव्हाच कळेल.

आईच्या ट्रंकेतले ते सात रुमाल आम्ही भावंडांनी वाटून घेतले, आणि धुवून वापरायला काढले. दोघांचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. बाकीचे आज आमच्या घरांत खुंटीला आहेत. तुमच्याही ट्रंकेत, कपाटात असे काही ठेवणीतले असेल, तर ते बाहेर काढा. देणाऱ्याने ते तुमच्या हातांसाठीच दिले होते.